पदाची चाल कुठं शिकायची?

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



संगीत नाटक कसं लिहायचं आणि त्याच्या चाली कशा बांधायच्या, हे शिकवणारी शाळा कुठं आहे? गाणं शिकवणारे आहेत, अभिनय शिकवणारे आहेत, विद्यापीठांतून नाट्यलेखनाचेही तास होतात. पण पदवी घेऊन झालेल्या, हातात थोडंफार कसब असलेल्या मुलामुलींना शब्द आणि सूर यांचं नाटकातलं लग्न कसं लावावं, हे पुढच्या पायरीवर शिकवणारं कोण? हा प्रश्न पुण्यामुंबईत विचारला तर लोक गंभीरपणे ऐकतात. बुलढाणा जिल्ह्यात विचारला तर हसतात. कापसाचा भाव, पाण्याचा टँकर, शेगावची वारी यांतून सवड मिळाली तर मग संगीत नाटक, असं त्या हसण्यात असतं. म्हणून मला आज आपल्याच जिल्ह्यातून सुरुवात करायची आहे. हा प्रश्न इथं उपरा नाही. तो आपल्या घरचाच आहे.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे नाव शाळेत 'सुदाम्याचे पोहे' या पुस्तकामुळे आपल्या कानावरून गेलेलं असतं. महाराष्ट्रगीताचे कवी म्हणूनही कित्येकांना ते ठाऊक असतात. पण ते खामगावला आणि जळगाव जामोदला वकिली करत होते, हे आपल्या जिल्ह्यातल्या फार थोड्या लोकांना माहीत आहे. जन्म १८७१ सालचा, नागपूरचा. पहिलं नाटक 'वीरतनय'. किर्लोस्कर नाटक मंडळींनी ते १८९६ साली रंगभूमीवर आणलं, तेव्हा कोल्हटकर पंचविशीत होते आणि वकिलीची परीक्षाही अजून व्हायची होती. १८९७ साली ते एलएल. बी. झाले. मग अकोला, खामगाव, जळगाव जामोद असा प्रवास. बारा नाटकं लिहिली. त्यांतली 'मूकनायक', 'गुप्तमंजूष', 'मतिविकार', 'वधूपरीक्षा' ही नावं जुन्या लोकांच्या तोंडी असत. दिवसा कोर्टात दिवाणी दाव्यांचे कागद आणि रात्री पदांची जुळणी. सातपुड्याच्या पायथ्याशी बसून एक वकील महाराष्ट्राच्या रंगभूमीला नव्या चाली पुरवत होता, हे चित्र मला फार आवडतं.

नव्या चाली म्हणजे काय, ते जरा नीट सांगते. कारण आजच्या प्रश्नाचं मूळ तिथंच आहे.

अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झालं आणि त्यानंतर दोन वर्षांनी 'सौभद्र'. या नाटकांमध्ये पदांची रेलचेल होती. 'सौभद्रा'तच पदांची संख्या शंभराच्या पुढे जाते. त्यांतली बरीचशी साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत अशा ठरलेल्या घाटांची. दिंडी म्हणजे एकोणीस मात्रांची ओळ, नवव्या मात्रेवर थांबा. साकीच्या ओळीत अठ्ठावीस मात्रा, सोळा आणि बारा. हे घाट कीर्तनात, आख्यानात, बायकांच्या ओव्याआरत्यांच्या शेजारी वाढलेले. प्रेक्षकाला चाल आधीच ठाऊक असे, त्यामुळे शब्द सरळ कानात शिरत. कोल्हटकरांना हे पुरेना. पारशी नाटक कंपन्यांच्या उर्दू-गुजराती नाटकांतल्या उडत्या, ठसकेबाज चाली त्यांच्या कानात बसल्या होत्या. त्यांनी त्या चाली उचलल्या आणि त्यांवर मराठी शब्द बसवले. रंगभूमीवर एकदम वेगळा वारा आला.

पण त्याची किंमतही पडली. चाल आधी आणि शब्द मागून, अशी रीत असल्यामुळे चालीला जिथं ऱ्हस्व हवा तिथं ऱ्हस्व शोधावा लागे, दीर्घ हवा तिथं दीर्घ. मग संस्कृत समास, उलटेसुलटे अन्वय, कोशातून काढलेले शब्द. कोल्हटकरांची पदं क्लिष्ट आहेत, असं त्यांच्या काळातल्या टीकाकारांनीही म्हटलं. मला ती टीका बरोबर वाटते. पण तिचा अर्थ कोल्हटकरांना मराठी येत नव्हतं असा नाही! त्यांच्या विनोदी लेखातलं मराठी किती सरळ आणि धारदार आहे ते पाहावं. अडचण कारागिरीची होती. दुसऱ्या भाषेसाठी बांधलेल्या चालीत आपली भाषा बसवताना कुठं चाल मुरडायची आणि कुठं शब्द, हे ठरवायला शेजारी कुणी बसलेलं नव्हतं. शब्दांचा माणूसही तेच आणि सुरांचा माणूसही तेच.

जुन्या संगीत नाटकाचं छापील पुस्तक हातात घेतलं तर प्रत्येक पदाच्या डोक्यावर कंसात 'चाल' म्हणून एखाद्या दुसऱ्याच गाण्याचे पहिले शब्द दिलेले दिसतात. माझ्या मते त्या दोन-तीन शब्दांत त्या काळचं सगळं संगीत-लेखन शास्त्र भरलेलं आहे. लेखक सांगतोय, की हे पद मी रिकाम्या हवेत लिहिलेलं नाही, अमुक साच्यावर ओतलेलं आहे. वाचणाऱ्या नटाला साचा ठाऊक असला की झालं.

साचा देणारा वेगळा माणूस येऊन उभा राहिला तो १९११ साली, 'मानापमान' नाटकात. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर आणि चाली देणारे गोविंदराव टेंबे. टेंबे हार्मोनियमवाले. पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्यांचा त्यांना व्यासंग. त्यांच्या चालींवर खाडिलकरांनी शब्द लिहिले. नंतर १९१६ साली 'स्वयंवर' आलं, तेव्हा भास्करबुवा बखले होते. म्हणजे तीस-पस्तीस वर्षांत एका माणसाचं काम दोघांचं झालं. आणि काम दोघांचं झालं की ते दोघं एकमेकांशी बोलणार कसे, हा प्रश्न आलाच.

याचं सगळ्यांत चटका लावणारं उदाहरण 'एकच प्याला'. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला गेले, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. नाटक लिहून झालेलं, पदं व्हायची राहिलेली. ती पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. आपण आज ते नाटक गडकऱ्यांचं म्हणतो आणि ते बरोबरच आहे, पण सिंधूच्या तोंडी जे गाणं आहे त्याचे शब्द दुसऱ्या माणसाचे आहेत. दुसऱ्याच्या पात्राच्या मनात शिरून, तो नाटककार हयात नसताना, त्याच्याच गद्याच्या उंचीवर पद लिहायचं. कुठल्याही अभ्यासक्रमात याहून अवघड परीक्षा कुणी काढू शकणार नाही.

गडकरी कोल्हटकरांना गुरू मानत. वि. स. खांडेकरही त्यांना त्याच जागी मानत. गडकऱ्यांची तालीम दोन ठिकाणी झाली. एक किर्लोस्कर मंडळीत, जिथं ते कंपनीतल्या मुलांना शिकवायचं काम करत होते आणि रोज पडद्यामागून नाटक कसं श्वास घेतं ते पाहत होते. दुसरी कोल्हटकरांच्या लिखाणापाशी. कंपनी ही व्यवहाराची शाळा आणि गुरू ही दृष्टीची शाळा. आपल्याकडे संगीत नाटकाचं पदव्युत्तर शिक्षण होतं ते हे. त्याला कुणी पदवी म्हणत नव्हतं एवढंच.

कंपन्या आपल्याकडे येत त्यालाही कारण होतं. १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला. खामगाव कापसाची मोठी पेठ. हंगामात पैसा खुळखुळायचा. पडदे, पेट्या, पोशाख आणि चाळीस-पन्नास माणसं घेऊन फिरणाऱ्या मंडळीला रुळाच्या कडेचं, पैसेवालं गाव हवंच असे. बोलपट आले, कंपन्या मोडल्या आणि ती शाळाही मोडली. पुन्हा बांधली गेली नाही ती नाहीच.

आपल्या जिल्ह्याचा आणखी एक वकील-कवी इथं आठवल्याशिवाय पुढं जाववत नाही. मेहकरचे ना. घ. देशपांडे. जन्म १९०९ चा, सेंदुरजनचा. त्यांची 'शीळ' ही कविता गजानन नव्हे, गोविंदराव जोशींनी, म्हणजे जी. एन. जोशींनी, चाल लावून गायली आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी तिची ध्वनिमुद्रिका निघाली. घरोघर वाजली. मराठी भावगीताच्या इतिहासात तिचं स्थान पहिल्या पानावर आहे. आता कोल्हटकर आणि ना. घ. शेजारी शेजारी ठेवून पाहा. कोल्हटकरांकडे आधी चाल, मागून शब्द. ना. घं.कडे आधी शब्द, मागून चाल. ना. घं.ची ओळ बोलीतल्या लयीवर उभी आहे, म्हणून चालीला ती अंग चोरून जागा देते. खामगाव आणि मेहकर, दोन तालुक्यांची ठिकाणं, आणि गीतलेखनाच्या दोन्ही पद्धतींचे उत्तम नमुने. अभ्यासाला याहून सोयीचं काय हवं?

आता आजचं.

मी तीस वर्षं महाविद्यालयात संगीत शिकवलं. माझ्याकडे संगीतात एम. ए. होऊन गेलेली एक मुलगी दोन वर्षांपूर्वी भेटायला आली. घरी चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि कपाशी. आवाज बरा, पण गाण्यापेक्षा चाल बांधण्यात तिचं डोकं जास्त चालतं. "मॅडम, चाल तर मले येते, पन त्या चालीनं नाटक पुढं कसं जाते ते कोन शिकवनार?" असं तिनं विचारलं. मला तो प्रश्न ऐकून आनंद झाला आणि काळजीही वाटली. आनंद यासाठी, की प्रश्न अगदी नेमका होता. काळजी यासाठी, की घरच्यांनी तिला एक वर्षाची मुदत दिली होती. वर्षभरात काही झालं नाही तर बी. एड. करायचं किंवा लग्न. मुदतीच्या बाबतीत मी घरच्यांना दोष देत नाही. चार एकरांत दुसरं काय देता येतं?

मी तिच्यापुढे जे जे होतं ते मांडलं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत, विशारद, अलंकार. त्यांची केंद्रं लहान गावांतही पोचली आहेत आणि त्यांनी महाराष्ट्रावर मोठे उपकार केले आहेत. पण त्या गायक-वादक घडवतात, रचनाकार घडवणं हा त्यांचा हेतूच नाही. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे. तिथं संगीत, नृत्य आणि नाटक एका छपराखाली नांदतात. सतीश आळेकरांसारखा नाटककार तिथं संचालक होता, ज्याचं 'महानिर्वाण' कीर्तनाच्या घाटावर उभं आहे. मुंबई विद्यापीठात नाट्यकला अकादमी आहे, लोककला अकादमी आहे. दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. सगळी चांगली ठिकाणं. पण बहुतेक ठिकाणी लिहिणारा एका वर्गात आणि गाणारा दुसऱ्या वर्गात. नाटकवाल्याला संगीताचा एक पेपर असतो, संगीतवाल्याला नाट्यसंगीताचा एक पेपर असतो. पेपर देऊन दोघं आपापल्या खोलीत परत जातात.

अमेरिकेत न्यूयॉर्क विद्यापीठात १९८१ पासून नेमक्या याच कामाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. संगीत नाटक लिहिणाऱ्यांचा आणि त्याचं संगीत रचणाऱ्यांचा. तिथं अभिनेते घेत नाहीत, गायक घेत नाहीत. निम्मे शब्दवाले, निम्मे सूरवाले. पहिल्या वर्षी जोड्या सतत बदलत ठेवतात. आज याच्याबरोबर गाणं कर, पुढच्या वेळी तिच्याबरोबर. कुणाशी जमतं, कुणाशी भांडण होतं, हे कळायलाच एक वर्ष. दुसऱ्या वर्षी एक जोडीदार घेऊन पूर्ण लांबीचं नाटक. त्याही आधी १९६१ पासून न्यूयॉर्कमध्येच लेहमन एंगेल या संगीतकारानं सुरू केलेली एक कार्यशाळा चालते, तिला फी नाही. तिथले धडे मला फार शहाणपणाचे वाटतात. उदाहरणार्थ, टेनेसी विल्यम्सचं गाजलेलं गद्य नाटक घ्यायचं आणि त्यातल्या ब्लँशसाठी एक गाणं लिहायचं. पात्र तयार आहे, प्रसंग तयार आहे, तुम्ही फक्त सांगा, की ती बोलता बोलता गायला कुठं लागेल, आणि का.

न्यूयॉर्कची फी आणि आपले चार एकर यांची तुलना करण्यात अर्थ नाही. ती मुलगी तिकडे जाणार नाही आणि तिनं जावं असंही मला वाटत नाही. तिथं जे संगीत आहे त्याचे हिशेब वेगळे, आपल्या रागतालांचे वेगळे. पण त्यांची पद्धत आपण उचलू शकतो. पारशी कंपनीच्या चाली कोल्हटकरांनी उचलल्याच होत्या की!

आणखी एक गोष्ट तिकडचीच. स्टीफन सोंडहाइम हा पुढं फार मोठा झालेला रचनाकार मुलगा असताना त्याला ऑस्कर हॅमरस्टाइन या नाटककाराचा शेजार लाभला. हॅमरस्टाइननं त्याला चार नाटकं लिहायला सांगितली. पहिलं, तुला आवडलेल्या नाटकावरून. दुसरं, बरं आहे पण कुठंतरी फसलंय असं वाटणाऱ्या नाटकावरून. तिसरं, जे नाटक नाहीच अशा एखाद्या कथेवरून. आणि चौथं, स्वतःच्या मनातलं. ही चार कामं त्या मुलाला पुढं आयुष्यभर पुरली.

मी ही चार कामं आपल्या जिल्ह्यात आणून पाहिली. पहिलं, आवडलेलं नाटक: विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे'. १९६७ चं, गद्य. बेणारेबाई गाईल का? गायलीच तर नाटकाच्या शेवटी गाईल, की सुरुवातीला, जेव्हा ती अजून मोकळी आहे तेव्हा? माझं मत सुरुवातीला. शेवटी तिच्या तोंडी आलाप घातला तर आपण तिचा अपमान करू. दुसरं, फसलेलं नाटक: खुद्द कोल्हटकरांचं कुठलंही घ्यावं आणि त्यातलं एक पद आजच्या मराठीत, त्याच जागी, त्याच कामासाठी पुन्हा लिहावं. तिसरं, जे नाटक नाही: ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ सालचं. तो निबंध आहे, पण त्यात एक बाई संतापून बोलते आहे आणि संतापाला स्वतःची लय असते. ती लय कोणत्या तालात बसेल? आणि चौथं स्वतःचं. त्याबद्दल मी काही सुचवत नाही.

तर अशा अभ्यासक्रमात शिकवायचं काय? पहिली गोष्ट, पद कुठं येतं. गद्य जिथं पुरेनासं होतं तिथं पद यावं, असं सगळेच सांगतात. ते खरं आहे आणि अपुरंही आहे. पद वेळ थांबवू शकतं, वेळ पळवूही शकतं. 'कट्यार काळजात घुसली' पाहा. चित्रपटामुळे ते नाव तरुणांनाही ठाऊक आहे, पण मी बोलतेय ते १९६७ च्या नाटकाबद्दल. नाटककार नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर, सगळे त्यांना मास्तर म्हणत. खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे, आपल्या शेजारच्या मूर्तिजापूरचे. संगीत जितेंद्र अभिषेकींचं. दोन घराण्यांची झुंज हीच तिथली गोष्ट, त्यामुळे गायकीतला फरक प्रेक्षकाला ऐकूनच कळला पाहिजे. कुणीतरी येऊन 'ही गायकी वेगळी' असं सांगून चालणार नाही. म्हणजे चाल हीच तिथं संवादाचं काम करते. नाटककाराला हे लिहितानाच ठाऊक असावं लागतं.

दुसरी गोष्ट अक्षरांची, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यांत जास्त घोटाळे इथं होतात. लांबवायच्या सुरावर 'आ' आला तर गळा उघडतो. 'ई' किंवा 'ऊ' आला तर आवाज चिमटतो. वरच्या षड्जावर जोडाक्षर ठेवलं तर गाणारा दातओठ खातो. आणि मराठीची एक खास अडचण आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. लेखक साधं वाक्य लिहितो आणि मग वाक्यातला सगळ्यांत निर्जीव शब्द, 'आहे', 'होते', 'गेली', चालीतल्या सगळ्यांत जिवंत जागेवर, समेवर, येऊन बसतो. चांगले पदकार शब्द मागंपुढं करतात ते अलंकारासाठी नव्हे, समेवर अर्थाचा शब्द यावा म्हणून. पण किती मागंपुढं करायचं? फार केलं की कोल्हटकर, मुळीच नाही केलं की वर्तमानपत्र. ओव्या म्हणणाऱ्या बायका, भारूड करणारे, वारकरी कीर्तनकार यांना हे माप अचूक सापडलेलं असतं. म्हणून माझ्या मनातल्या वर्गात शिकवायला पहिला कीर्तनकार असेल. त्याच्याजवळ पदवी आहे की नाही हे विचारू नये.

तिसरी गोष्ट व्यवहाराची. पट्टी. काळी एक की काळी चार, हे नट ठरल्याशिवाय ठरत नाही. एकेकाळी स्त्रीभूमिका पुरुष करत, तेव्हाच्या चाली आज मुली गातात तेव्हा पट्टी बदलते आणि पट्टीबरोबर चालीचा रंगही. दमाचा हिशेब. धावत येऊन गाणाऱ्या पात्राला पहिल्या ओळीत तान देऊ नये, एवढी साधी गोष्ट पण तालमीत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. वन्समोअरचा मोह. पेटीवाला आणि तबलजी यांचं दर प्रयोगाचं मानधन. हौशी संस्थेच्या हिशेबात हे आकडे आधी यावेत आणि नेपथ्य मागून.

पोट कसं भरायचं, हेही शिकवायला हवं. नुसतं संगीत नाटक लिहून कुणाचं घर चालत नाही. चालतं असं मी रेडिओवरून सांगितलं तर ते पाप होईल. पण ते मेलेलंही नाही. 'संगीत देवबाभळी' हे प्राजक्त देशमुखांचं नाटक आधी एकांकिका होतं. मग आनंद ओक यांच्या संगीतासह व्यावसायिक रंगभूमीवर आलं आणि गर्दीनं चाललं. रंगमंचावर दोनच पात्रं, तुकोबांची आवली आणि रखुमाई. अभंगाच्या परंपरेतून नवी पदं. राज्य शासनाची संगीत नाट्य स्पर्धा आहे, गोव्यात आणि कोकणात हौशी संस्था आजही हिरिरीनं संगीत नाटकं करतात. मात्र स्पर्धेत जुन्याच नाटकांची पारायणं जास्त होतात, याचा मला कंटाळा आलाय. 'सौभद्र' थोरच आहे. त्याला थोर राहू द्या आणि थोडी विश्रांतीही द्या.

माझी मागणी मोठी नाही. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात आपले पाच जिल्हे येतात. त्यात एक वर्षाची पदव्युत्तर पदविका. बारा जागा, सहा शब्दांच्या, सहा सुरांच्या. खामगावसारख्या गावात एखादी खोली, एक पायपेटी, एक तबला. जोड्या दर महिन्याला बदलायच्या. परीक्षा लेखी नाही, वीस मिनिटांचं नाटुकलं गावातल्या लोकांपुढं करून दाखवायचं. शुल्क इतकंच की सोयाबीनच्या दोन क्विंटलांत भागावं. शिकवायला बाहेरचे मोठे लोक महिन्यातून एकदा, आणि रोजचे शिक्षक इथलेच, बोली जाणणारे. वऱ्हाडी बोलीत 'न'चा ठसका वेगळा, हेल वेगळा. त्या हेलावरच चाल बांधता आली पाहिजे. हे पुण्यात बसून शिकवता येणार नाही.

एवढं होईस्तोवर त्या मुलीची मुदत कशी थांबणार? म्हणून आम्ही वाट पाहिली नाही. मोताळा तालुक्यातला एक मुलगा एकांकिका लिहितो. दिवसा एका जिनिंगमध्ये हिशेबनीस आहे. त्याला सुराचं काही कळत नाही, पण माणसं कशी बोलतात ते फार चांगलं कळतं. दोघांना मी दर रविवारी माझ्या घरी बसवते. पहिले दोन महिने भांडणात गेले. तो म्हणायचा, चालीनं माझं वाक्य मोडलं. ती म्हणायची, वाक्यानं माझी चाल अडवली. मी दोघांना एकच नियम घालून दिला: भांडण तोंडानं नाही, गाऊन करायचं. त्यानं बेसूर का होईना ओळ गाऊन दाखवायची आणि तिनं चालीत आपला शब्द घालून दाखवायचा.

मुलीच्या वडिलांनी मुदत आणखी एका वर्षानं वाढवली आहे. त्यांनी एका रविवारी येऊन, ओसरीत बसून, सगळं ऐकलं. ताराबाईंच्या निबंधावरून केलेलं पद झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "हे बाई येवढी चिडली कशानं?" मुलगा समजावून सांगू लागला, तेव्हा मी त्याला थांबवलं. पद पुन्हा लिहा म्हटलं, कारण चिडण्याचं कारण पदातच कळायला हवं होतं. आता त्या पदाचा सहावा खर्डा चालू आहे. 'पुरुष' या शब्दातला शेवटचा 'ष' समेवर कसा म्हणायचा, यावर गाडी अडलेली आहे.